स्थानिक इतिहासाच्या खुल्या दिवशी आपले दालन
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक सभेपुढे केलेले भाषण)



येत्या नोव्हेंबरात, जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने, कसबा पेठेतील एका शाळेच्या सभागृहात स्थानिक इतिहासाचा खुला दिवस भरावयाचा आहे आणि त्यात आपल्या संस्थेस एक दालन मिळाले आहे, ही वार्ता चिटणीसांनी आताच आपणांस सांगितली. दालन हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात सहा फूट लांबीचे एक मेज, दोन खुर्च्या आणि पाठीमागे एक फळा, एवढेच आपल्या वाट्यास येणार. त्या मेजावर काय मांडावे याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि छत्तीस वर्षे शाळेत मुलांपुढे उभे राहिल्यामुळे एवढे मात्र कळले आहे की, जे हातात घेता येते ते मुलाच्या मनात राहते, आणि जे केवळ ऐकविले जाते ते घंटा होण्यापूर्वीच निघून जाते. प्रौढ माणसेही ह्या बाबतीत फारशी निराळी नसतात.

दालन मिळाल्याचे कळताच सूचनांचा पाऊस पडला. संस्थेच्या आजवरच्या अध्यक्षांच्या तसबिरी हार घालून ओळीने लावाव्यात, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या काही उत्साही बंधूंनी, आपल्या ज्ञातीची उत्पत्ती, गोत्रे व वर्ण यांविषयी पुराणांतील आधारांसह एक मोठा तक्ता रंगवून घ्यावा, असे सुचविले आहे. वधूवर सूचक मंडळाची नोंदवहीही त्याच मेजावर ठेवावी, म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारले जातील, असेही एका बंधूंनी आम्हांस रस्त्यात थांबवून सांगितले. ह्या सर्वांमागील आपुलकी आम्ही जाणतो. परंतु त्या दिवशी येणारा पाहुणा कोण असेल, ह्याचा विचार आधी केला पाहिजे. तो पेठेतला शेजारी असेल, शाळेतला विद्यार्थी असेल, उपनगरातून जुने पुणे पाहावयास आलेला एखादा गृहस्थ असेल. तुम्ही कोणत्या वर्णाचे, हे विचारण्यास तो येणार नाही. तुम्ही येथे केव्हा आलात, काय घडविलेत, कोणासाठी घडविलेत आणि आता ते काम कोठे गेले, हे तो विचारील. त्याला उत्तर देण्याची आपली तयारी आहे काय?

त्वष्ट्याने इंद्रासाठी वज्र घडविले, हे ऋग्वेदात सांगितले आहे आणि त्या नावाशी आपण आपले नाते जोडीत आलो आहोत. ती परंपरा एका पत्रिकेवर, 'परंपरा' असा स्पष्ट शब्द वर लिहून, अवश्य मांडावी. आपले पूर्वज पेशवाईत कोकणातून घाट चढून आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तेही 'वडिलांकडून ऐकलेले' ह्या शब्दांखाली मांडावे. ऐकीव ते खोटे, असे आमचे म्हणणे नाही. पण ऐकीव आणि लेखी यांची सरमिसळ केली, तर जे लेखी आहे त्यावरचाही पाहुण्यांचा विश्वास उडतो.

मग लेखी असे आपणांपाशी काय आहे? येथेच आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा येतो. आपणांपैकी बहुतेकांच्या माळ्यावर वा देवघरात तो लेख पडून आहे आणि आपण त्यात पाणी तापविले, भात शिजविला, त्यास लेख मात्र कधी म्हटले नाही. तो लेख म्हणजे भांड्यावर घातलेले नाव.

पूर्वी लग्नकार्यात भांडी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा करीत. पंगत उठल्यावर ज्याचे हंडे त्यास परत जावेत म्हणून प्रत्येक भांड्याच्या काठावर वा पोटावर ठोक्याच्या ठिपक्यांनी नाव घातलेले असे. पुढे आहेराच्या भांड्यांवर देणाराचे नाव, घेणाराचे नाव, प्रसंग आणि शके घालण्याची चाल पडली. क्वचित वजनही घातलेले आढळते. आमच्या घरी एक तांब्याचे घंगाळ आहे. त्याच्या काठाखाली आमच्या आजीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि 'शके १८५२ वैशाख' एवढा मजकूर आहे. शकात चैत्रापासून पौषाच्या सुमारापर्यंत ७८ व पुढे फाल्गुनाअखेर ७९ मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे हे घंगाळ १९३० सालच्या उन्हाळ्यातले. आता गंमत पाहा. आमच्या घराण्याची वंशावळ आमच्या चुलत्यांनी मोठ्या कष्टाने सात पिढ्यांपर्यंत नेली आहे, आणि तीत एकाही स्त्रीचे नाव नाही. खरेदीखतात नाही, खतावणीत नाही. आमच्या आजीचे माहेरचे नाव ह्या जगात दोनच ठिकाणी होते: आमच्या वडिलांच्या स्मरणात आणि त्या घंगाळावर. वडील गेले. आता ते एकट्या घंगाळावर आहे.

हे एका घराचे झाले. पन्नास घरांतील भांडी एकत्र ठेवून त्यांवरील नावे, गावे आणि शके उतरून घेतले, तर मुली कोणत्या गावांहून आल्या, कोणत्या गावी गेल्या, आहेरास केव्हा हंडा देत आणि केव्हापासून त्याची जागा स्टेनलेस स्टीलच्या डब्याने घेतली, हे सारे दिसू लागेल. गिऱ्हाइकाने परत न नेलेली, दुरुस्तीस आलेली भांडीही काही घरांत आहेत. त्यांवरील गावांची नावे वाचली तर आपल्या आळीचा माल कोठपर्यंत जात होता ते कळेल. असा तक्ता कोणत्याही पुराणात सापडणार नाही, आणि तो आपणांवाचून दुसरा कोणी करू शकणार नाही.

पण ही भांडी जात आहेत, आणि वेगाने जात आहेत. घर पाडून इमारत उठते. नव्या जागेत माळा नसतो. सून म्हणते, हे पिंप कोठे ठेवावयाचे? तिचेही चूक नाही. मग दुकानदार वजनावर भाव करतो, मोड घालून नवे घेतले जाते आणि आजीचे नाव भट्टीत जाते. तांबे मरत नाही, त्याचे पुन्हा भांडे होते. नाव मात्र पुन्हा होत नाही. आपल्या दारचे कागद मोडीत लिहिलेले म्हणून रद्दीत गेले आणि भांडी तर नुसतीच मोडीत गेली, असे आम्ही थट्टेने म्हणत असतो. थट्टा म्हणून ते ठीक आहे.

कागदांविषयीही बोलले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला तो गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळूनच. त्यांनी १९१० साली ह्याच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पुढे पंचेचाळीस भागांत छापले गेले. पण हे सारे मोठ्या घरांचे, स्वाऱ्यांचे आणि कारभाराचे कागद. ठोक्याचे काम करणाऱ्याची रोजकीर्द कोणी छापली नाही, आणि छापावी असे आपणही कोणास सांगितले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांतली दप्तरे पाण्याबरोबर गेली. जी उरली ती वाळवी, गळके छप्पर आणि आपली स्वच्छतेची आवड, ह्या तिघांच्या स्वाधीन आहेत. ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या, खरेदीखते, मालाच्या पावत्या असतील त्यांनी त्यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून आणावीत. मूळ कागद मेजावर मांडू नयेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्या प्लास्टिकच्या कवचातून कागद पुन्हा सुखरूप बाहेर येत नाही. मोडी वाचणारे एक जाणकार त्या दिवशी तासभर आपल्या मेजाशी बसावेत, अशी खटपट आम्ही चालविली आहे.

आता थोडे अप्रिय बोलतो. संस्थेच्या कपाटात सभावृत्तांताच्या जुन्या वह्या आहेत. त्या चाळताना शिष्यवृत्त्यांचे, धर्मशाळेच्या वर्गणीचे ठराव आढळतात, तसे अमक्याने पंक्तिव्यवहार मोडला म्हणून त्यास वाळीत टाकल्याचे आणि दंड भरून परत घेतल्याचे ठरावही आढळतात. हे पान मांडू नये, लोकांत शोभा होईल, असे दोन ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस बजाविले आहे. त्यांचा मान राखूनही आम्ही म्हणतो की, एक पान मांडावे. ज्या घरांवर तो ठराव झाला त्यांचे वंशज आजही आपल्यांत आहेत. म्हणून नावे पट्टीने झाकावीत, आणि त्या घरांस आधी विचारावे. त्याखाली एवढेच लिहावे की, मुंबई राज्यात १९४९ साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा झाला, १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने केलेला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. त्यावर भाष्य करू नये. आपण आपल्या शिष्यवृत्त्यांचा ठराव मोठ्या अक्षरांत लावावा आणि हा ठराव कपाटात ठेवावा, ह्यास जाहिरात म्हणतात. जाहिरातीसाठी शहरात दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

कामाचे प्रात्यक्षिक हवे, ह्यावर सर्वांचे एकमत दिसते. ते सभागृहात मात्र होऊ शकणार नाही, कारण शेजारच्या मेजावरील मंडळी आपणांस शाप देतील. शाळेच्या पटांगणात ऐरण ठेवून दर तासाला दहा मिनिटे ठोके घालावेत. तांबे तापविले की मऊ पडते, ठोकता ठोकता कठीण होते आणि फार कठीण झाल्यावर ठोकले तर तडकते. म्हणून पुनःपुन्हा तापवावे लागते, एवढे मुलांस समजले तरी पुष्कळ झाले. अखेरच्या मठारकामाने भांड्यास चकाकी येते तसा ताठरपणाही येतो, हे कित्येक सुशिक्षितांस ठाऊक नसते; ते मठाराचे ठसे केवळ नक्षी समजतात. तांबे आणि जस्त यांचे पितळ, तांबे आणि कथील यांचे कांसे, हे तीन तुकड्यांवरून दाखविता येईल. कल्हईचे प्रात्यक्षिक झाले तर उत्तमच. तापलेल्या भांड्यात नवसागराचा धूर उठतो, कथलाचा कण टेकतो, आणि बोळा फिरला की लाल भांडे आतून चांदीसारखे होते; ह्याइतका गर्दी खेचणारा दुसरा खेळ आम्हांस माहीत नाही. मात्र कल्हई करणारे कारागीर बहुधा आपल्या ज्ञातीचे नसतात. त्यांस बोलवावे, त्यांचा दिवसाचा रोज त्यांस द्यावा आणि पत्रिकेवर त्यांचे नाव घालावे.

मुलांसाठी आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात झाडावर बसून टुक् टुक् असा एकसारखा आवाज करणारा हिरवा पक्षी आहे. त्यास मराठीत तांबट म्हणतात, तो आपल्याच ठोक्यांवरून. त्याचे चित्र मेजावर असावे. ज्या शहरात आता आळीतला ठोका क्वचित ऐकू येतो तेथे पाखरू अजून तो आवाज काढते, हे सांगितल्यावर मुले मान वर करून झाडाकडे पाहतील.

ठोक्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचे आजोबा साठीच्या आतच इतके कमी ऐकू लागले होते की, घरात त्यांच्याशी खुणांनी बोलत. आळीतील कित्येक म्हाताऱ्यांची तीच गत होती. कामाचे कौतुक करताना त्याची किंमत कोणी चुकविली ते गाळू नये. आणि घरातील बायकांनी चिंच व राख लावून भांडी उजळली, भाता ओढला, मजुरीचे हिशेब तोंडपाठ ठेवले, ते काम कोणत्याही वहीत मांडले गेले नाही. त्यांपैकी ज्या हयात आहेत त्यांस खुर्चीवर बसवावे. दोन खुर्च्यांपैकी एक आम्ही त्यांच्यासाठी मागून ठेवीत आहोत.

आपले दालन केवळ आपलेच असावे काय, हाही प्रश्न आहे. तांबट आळी एकटी कधीच नव्हती. त्याच कसब्यात कुंभार होते, शिंपी आळी होती, फणी आळी होती, कागदीपुऱ्यात हाताने कागद करणारी मुसलमान घराणी होती. मुंबईहून येणारे तांब्याचे पत्रे विकणारा व्यापारी निराळा, ते वाहणारा गाडीवान निराळा. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात ह्या शहरातील कारागिरीचे वर्णन करताना तांबापितळेच्या भांड्यांजवळच रेशीम, जर, बांगड्या, फण्या आणि कागद हेही येतात. ग्रंथकाराने ज्ञाती पाहिली तशी पेठही पाहिली. म्हणून पाठीमागच्या फळ्यावर तसबिरी न लावता आळीचा हाताने काढलेला एक मोठा नकाशा लावावा, घरे रिकामी ठेवावीत आणि येणाऱ्याने आपल्या आठवणीतले दुकान, वाडा, विहीर, पार त्यावर शिसपेन्सिलीने भरावे. चुकले तर दुसरा येऊन दुरुस्त करील. दोघांचे भांडण जुंपले तर अधिकच चांगले. त्या भांडणात बाहेर पडणारी माहिती शांततेच्या सभेत बाहेर पडत नाही. माजी अध्यक्षांविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्यांच्या तसबिरी आपल्या कार्यालयात जेथे आहेत तेथे शोभतातच.

वधूवरांच्या नोंदवहीऐवजी मेजावर दुसरी वही असावी. तीत पाहुण्याने सांगितलेली माहिती तारीख घालून, त्याच्या परवानगीने लिहावी. बोलणे मोबाइलवर मुद्रित करावयाचे तर तेही विचारून. लिहिणारा तरुण असावा आणि त्याच्या शेजारी बसणारा वृद्ध असावा, कारण एकास अक्षर येते आणि दुसऱ्यास प्रश्न सुचतो. प्रत्येक वस्तूजवळची पत्रिका चार ओळींची पुरे: वस्तू कोणती, केव्हाची, कोणाच्या घरची, आणि हे कशावरून म्हणतो. ह्या चौथ्या ओळीसाठीच सारी खटपट आहे. अक्षर मोठे व बालबोध असावे आणि पत्रिका दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. प्रौढांस वाकता येते.

भांडी आणण्याविषयी शेवटची विनंती. दिवाळीनंतर पहिल्या रविवारी सकाळी आम्ही व दोन विद्यार्थी कार्यालयात बसू. भांडे आणावे, त्याची नोंद होईल, छायाचित्र निघेल, पोच मिळेल आणि खुल्या दिवसानंतर ते सायंकाळीच घरी परत जाईल. फार जड असेल तर आम्ही घरी येऊ. भगिनींना मात्र हात जोडून सांगणे आहे की, पाहुण्यांपुढे जावयाचे म्हणून ते भांडे चिंच, लिंबू वा बाजारची पूड लावून चकचकीत करू नये. शंभर वर्षांच्या घासण्याने कित्येक नावे आधीच निम्मी पुसली गेली आहेत, आणि उरलेले एक अक्षर एका सकाळच्या उत्साहात जाऊ शकते. काळे पडले असेल तसेच आणावे. ज्यांच्या घरी दिवाळीसाठी भांडी ह्याच आठवड्यात घासावयास निघाली असतील त्यांनी आज सभा संपल्यावर आम्हांस भेटावे. कागद आणि पेन्सिल आमच्या पिशवीत आहे, घासण्यापूर्वी नाव उतरून घेऊ.